‘ऊन लागलं’ म्हणण्याआधी तोंड बघा

मे महिन्यात नागपुरात कोणी चक्कर येऊन खाली बसलं की घरच्यांचं निदान तयार असतं. ‘ऊन लागलं वाटते. पन्हं पाजा, तळपायाला कांदा चोळा, झोपू द्या त्याले.’ पारा ४५ च्या आसपास असताना ते अनेकदा खरंही निघतं. पण त्याच गडबडीत लकव्याचा पेशंट घरीच पडून राहतो, आणि याचा मला मनापासून त्रास होतो.

उष्माघातात सगळं अंग तापतं, माणूस बरळतो, दोन्हीकडचे हातपाय सारखेच गळतात. मेंदूच्या झटक्यात, म्हणजे लकव्यात, बिघाड अचानक होतो आणि बहुतेक वेळा एकाच बाजूला दिसतो. हसायला सांगा, तोंड वाकडं होतं का बघा. दोन्ही हात समोर धरायला लावा, एक खाली घसरतो का? नाव-गाव विचारा, जीभ अडखळते का? यातलं एक जरी दिसलं तरी पन्हं नको, पाणीही नको. गिळता येत नसेल तर घोट श्वासनलिकेत जातो.

कोणीतरी ‘रक्त पातळ करायची गोळी द्या’ म्हणेलच. तीही नको. बहुतेक झटके रक्ताची गुठळी अडकून येतात, पण काहींमध्ये मेंदूत रक्तस्राव झालेला असतो. दोन्ही पेशंट वरून सारखेच दिसतात, फरक सीटी स्कॅनमध्ये कळतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि हे तास पेशंट शेवटचा धडधाकट दिसला तिथून मोजतात. ती वेळ लिहून ठेवा. मोठी नस बंद असेल तर काही निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत तारेने गुठळी काढता येते, पण उशीर होईल तसा मेंदू मरत जातो.

आपल्याकडे अजूनही कबुतराचं रक्त चोळायला नेणारे आहेत. पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांचा हात आपसूक थोडा हलू लागतो आणि श्रेय कबुतराला मिळतं. त्या मुक्या जिवाचा बळी जातो, आणि पेशंटची मोलाची वेळही.

दहा मिनिटांत सगळं ठीक झालं तरी घरी थांबू नका. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो, आणि पहिले दोन दिवस सगळ्यात धोक्याचे.

आता बीपी. झटक्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, आणि आपण सगळ्यात हलक्यात घेतो तेही हेच. ‘नॉर्मल आलं, म्हणून गोळी बंद केली’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की चीड येते. अहो, गोळी चालू आहे म्हणूनच तर ते नॉर्मल आहे! शुगर, सिगारेट, अनियमित ठोके, हेही आहेतच. आणि आपला खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घासून केलेलं मिश्रण. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण पानठेल्यावर प्लास्टिकच्या पन्नीत घासून खर्रा मिळतोच. तो फक्त तोंडाच्या कॅन्सरशी जोडला जातो. त्यातल्या तंबाखूने ठोके आणि बीपी दोन्ही वाढतात, हे खर्रा खाणाऱ्या किती जणांना कोणी सांगितलंय?

घराजवळच्या कोणत्या दवाखान्यात रात्रीही सीटी स्कॅन होतो आणि हे इंजेक्शन मिळतं, ते आजच फोन करून विचारून घ्या. १०८ ला बोलावलं तर ‘लकव्याची शंका आहे’ असं स्पष्ट सांगा. ‘चक्कर आली’ एवढंच सांगू नका.