एचएमटी बंद पडली, म्हणून ट्रॅक्टर भंगारात?

‘एचएमटी हा देशाचा पहिला स्वदेशी ट्रॅक्टर. कारखाना नफ्यात असताना परदेशी कंपन्यांसाठी बंद पाडला. आता कंपनीच नाही, त्यामुळे आरसीचे नूतनीकरण होणार नाही. किंमत येतेय तोवर विका.’ हा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरत गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या मामांपर्यंत पोचला, आणि त्यांनी भंगारवाल्याला फोनसुद्धा लावला!

शेवटचे आधी घेतो, कारण खरे नुकसान तेच करते. आरसी कंपनी देत नाही, आरटीओ देते. शेतीचा ट्रॅक्टर नियमांत बिगर-वाहतूक वाहन धरला जातो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 41 प्रमाणे अशा वाहनाची नोंदणी 15 वर्षे चालते, आणि पुढे तपासणीत गाडी धड निघाली की 5-5 वर्षांनी वाढवून मिळते. तपासतात ती गाडी. ती बनवणारा जिवंत आहे की मेला, हे तिथे कोणी विचारत नाही. अँबेसेडर 2014 पासून बनत नाही. म्हणून लोकांच्या अँबेसेडर रातोरात बेकायदा झाल्या काय? या भीतीने जुने ट्रॅक्टर मातीमोल विकले गेले तर फायदा कोणाचा, याचाही जरा विचार करा.

सुट्या भागांची अडचण मात्र आहे, ते नाकारत नाही. कंपनीच्या खोक्यातला अस्सल भाग आता शोधावा लागतो. पण जुन्या ट्रॅक्टरांचे भाग बनवणारे लुधियाना-राजकोटकडे आहेत, आणि आमच्याकडचे मेकॅनिक तेच मागवून काम भागवतात.

‘पहिला स्वदेशी’ तर नाहीच. हरियाणातल्या पिंजोरला एचएमटीच्या ट्रॅक्टरांची 1971 मध्ये सुरुवात झाली ती चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या तंत्रावर. आयशर त्याआधी, 1959 मध्येच आला होता, तोही जर्मन सहकार्याने. देशी आराखड्याचा मान 1974 च्या स्वराजचा. तो दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत आखला गेला.

नफ्याबद्दल ऑक्टोबर 2016 चा केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय वाचा. एचएमटी ही सरकारी कंपनी; तिचा ट्रॅक्टर विभाग बंद करताना सरकारने 700 कोटींच्या वर रक्कम मंजूर केली. कशासाठी? कामगारांचे थकलेले पगार, बँकांची देणी आणि 2007 ची वेतनश्रेणी धरून स्वेच्छानिवृत्ती. म्हणजे बंद होताना 2016 साली 2007 च्या श्रेणीचा हिशोब! नफ्यातल्या कारखान्यात पगार थकतात कशाला?

परदेशी कंपन्या आल्या, हे खरे. जॉन डिअर, न्यू हॉलंड नव्वदीच्या शेवटाला आल्या. पण बाजार मुख्यतः महिंद्रा, टाफे, सोनालिका यांच्या हाती राहिला, आणि स्वराजही 2007 मध्ये महिंद्रानेच घेतली. सरकारने मालक म्हणून हेळसांड केली असे कोणी म्हणाले तर मी वाद घालणार नाही. पण कट होता म्हणायला पुरावा लागतो, आणि त्या मजकुरात तो कुठेच नाही.

‘कंपनीच नाही’ हेही अर्धवटच. ट्रॅक्टर गेले, घड्याळांची उपकंपनीही बंद झाली. एचएमटी मशीन टूल्स अजून चालू आहे, आणि तिचा एक कारखाना पिंजोरलाच आहे.