कृष्णेतला नायट्रोजन आणि 'युरिया पीक खातं' म्हणणारा मेसेज

सांगली-मिरजेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. 'कृष्णा नासते ती कारखान्यांची मळी आणि शहराच्या गटारांमुळं. युरिया पीक खातं, उरलेला काळी माती धरून ठेवते. पावसाळ्यात पाणी तपासलं तरी नायट्रेट कमीच निघतं. शेतातून नायट्रोजन येतो हे परदेशी मॉडेलचं खूळ, शेतकऱ्याचं खत बंद पाडायला.'

मळी आणि गटारांबद्दल मेसेज बरोबर आहे. उन्हाळ्यात बंधाऱ्यामागं साचलेल्या पाण्यात मासे तरंगतात, ते बहुतेक वेळा ही घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू संपल्यामुळं. ते पाप युरियाच्या माथी मारू नये. पण एक दोषी सापडला म्हणून दुसरा सुटत नाही.

युरिया पीक खातं, पण किती? आडसाली उसाला (पावसाळ्यात लावलेला, दीड वर्षाचा ऊस) शिफारसच हेक्टरी 400 किलो नत्राची, म्हणजे नायट्रोजनची; एकरी 160. युरियाच्या 45 किलोच्या पोत्यात नत्र 20.7 किलो, सगळं युरियातून द्यायचं तर एकरी पावणेआठ पोती. (शिफारशीवर थांबणारे किती, हे प्रत्येकानं आपल्या बांधावर उभं राहून ठरवावं.) यातलं निम्मं पिकाला लागलं तरी चांगलं म्हणायचं.

काळ्या मातीचा मुद्दा ऐकायला सर्वात शास्त्रीय वाटतो आणि तिथंच खरी गफलत आहे. युरियाचं आधी अमोनियम होतं. त्याचा भार धन, चिकणमातीच्या कणांचा ऋण, त्यामुळं माती त्याला धरते. पण जिवाणू थोड्याच दिवसांत अमोनियमचं नायट्रेट करतात. नायट्रेटचा भारही ऋण. माती त्याला धरत नाही, ते पाण्याबरोबर चालतं. आता आपलं वेळापत्रक बघा. आडसालीची लागण जुलै-ऑगस्टात, नत्राचा 40 टक्क्यांचा हप्ता सहा ते आठ आठवड्यांनी, म्हणजे सप्टेंबरच्या आगेमागे. सांगलीत परतीचा पाऊस कोसळतो तो याच सुमारास. क्षारपड रानात निचऱ्याचे पाइप घातले असतील, तर ते पाणी थेट ओढ्यात. नायट्रेट विहिरीत उतरलं तर रंग नाही, वास नाही, उकळूनही जात नाही. तान्ह्या बाळांना ते घातक ठरू शकतं, म्हणून पिण्याच्या पाण्यात त्याला लिटरला 45 मिलिग्रॅमची मर्यादा आहे.

पावसाळ्यात नायट्रेट 'कमी' निघतं, कारण पाणी जास्त असतं. समजा, उन्हाळ्यात घनमीटरला 10 ग्रॅम आणि प्रवाह सेकंदाला 20 घनमीटर: सेकंदाला 200 ग्रॅम गेलं. पावसाळ्यात 2 ग्रॅमच, पण प्रवाह 1000: दोन किलो. दहापट! तेही फक्त तेव्हाच कळतं, जेव्हा नमुना पुराच्या लोंढ्यात घेतलेला असतो. महिन्यातून एकदा बाटली भरली तर लोंढा निसटतोच.

राहिलं परदेशी मॉडेल, म्हणजे शेतातून नदीत किती नायट्रोजन उतरतो याचा अंदाज काढणारी संगणकावरची आकडेमोड. 'स्वॅट' अमेरिकेच्या कृषी खात्यातलं, 'इंका' ब्रिटनमधलं, हे खरं. पण आत आहे ती जमाखर्चाची वही. पाणलोटाचे माती, उतार, पीक यांनुसार तुकडे करायचे, खत, पाऊस, पाण्याच्या पाळ्या भरायच्या आणि रोजचा हिशेब मांडायचा. काही वर्षांच्या मोजमापांवर तो जुळवून घ्यायचा, मग न वापरलेल्या वर्षांवर तपासायचा. आपल्याकडं दीड वर्ष उभा राहणारा ऊस, उन्हात भेगाळणारी माती, म्हैसाळ योजनेतून जतकडं उचललेलं कृष्णेचं पाणी, हे सगळं त्यात घातलं नाही तर उत्तर चुकेल. ही टीका रास्त आहे आणि ती मेसेजमध्ये नाही.

खत बंद पाडण्याचं म्हणाल, तर त्याच हिशेबात एकूण नत्र तेवढंच ठेवून मोठा हप्ता तोडून ठिबकमधून थोडं थोडं दिलं तर ओढ्यात किती कमी उतरतं, हेही काढून बघता येतं.