काळूच्या तोंडातला केंड

परवा सकाळी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढून झाल्यावर वाळूत टाकलेला एक केंड, म्हणजे फुगणारा विषारी मासा, आमच्या काळू कुत्र्याने उचलला. पोट फुगलेला, अख्खा. केंडाचं विष शिजवूनही जात नाही आणि त्यावर उतारा नाही, हे इथल्या पोराटोरांनाही माहीत असतं. मी दहा पावलांवर होते. धावले नाही, ओरडले नाही. खाली बसले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "सोड."

दोन वर्षांपूर्वी मी धावले असते. तेव्हा पडवीत त्याला कोंबडीचं हाड सापडलं होतं. घरातून आवाज आला, "तोंडात हात घाल आनि काड भायर!" मी जबडा फाकवायला गेले आणि त्याने घाबरून हाड तसंच गिळलं. दोन दिवस आमच्या जिवाला घोर. त्यानंतर काहीही मिळालं की तो बाकड्याखाली शिरायचा आणि मी जवळ गेले की गुरगुरायचा.

"कुत्र्याक धाक व्हयो," असं सगळे सांगतात. मला हे अजिबात पटत नाही. गुरगुरणं म्हणजे तो सांगतोय की मला भीती वाटतेय, लांब राहा. त्यासाठी मारलंत तर तो सांगणं बंद करेल आणि एक दिवस सरळ चावेल.

मग तोंडातलं सोडायला शिकवायचं ठरवलं. आम्ही नारळाच्या सोडणापासून, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालीपासून, सुरुवात केली, कारण त्यात त्याचा फारसा जीव नव्हता. नाकाशी उकडलेल्या चिकनचा तुकडा धरायचा, बिनमिठाचा, बिनहाडाचा. तोंड उघडलं की तुकडा त्याचा. तो खाईपर्यंत सोडण उचलायचं आणि लगेच त्याला परत द्यायचं. हे परत देणंच लोक गाळतात! तुकडा दाखवून वस्तू कायमची काढून घेतली तर कुत्रा दुसऱ्यांदा फसत नाही. दिलेलं परत मिळतं, वर खाऊही मिळतो, हे शंभरदा अनुभवल्यावरच त्याचा माझ्या हातावर विश्वास बसला. "सोड" हा शब्द आम्ही नंतर जोडला, तोंड हमखास उघडायला लागल्यावर. मग चप्पल, मग सुक्या बांगड्याचं डोकं. घाई केली नाही.

लहान मुलांना मात्र हे करू देऊ नका. आणि कुत्रा आधी कुणाला चावला असेल तर जाणकाराला सोबत घ्या.

काळूने केंड टाकला आणि शेपूट हलवत माझ्याकडे आला. डबीतलं सगळं चिकन मी त्याच्यापुढे ओतलं, माझे हात थरथरत होते. केंड परत द्यायचा प्रश्नच नव्हता, तो खोल पुरला. घरी आल्यावर त्याला नवं सोडण दिलं, आणि दिवसभर मी ते एकदाही मागितलं नाही.