धनदांडगे : वापरण्यापूर्वी वाचा

सार्वजनिक जीवनात उतरायचा विचार असेल, तर आधी 'धनदांडगे' हा शब्द नीट वापरायला शिका. वाचायला सगळ्यांनाच येतो. वापरताना भले भले घसरतात.

हा शब्द एकवचनात चुकूनही वापरू नये. 'अमुक माणूस धनदांडगा आहे' म्हटलं, की कोण ते सांगावं लागतं. 'धनदांडग्यांनी' म्हणा. त्या एका अनुस्वाराखाली अख्खा तालुका लपतो. प्रथमपुरुष तर याला नाहीच. अडीच एकर कोरडवाहूवाला वीस एकर बागायतवाल्याला धनदांडगा म्हणतो, बागायतवाला एनए प्लॉट पाडणाऱ्याला, आणि तो मुंबईच्या बिल्डरकडे बोट दाखवतो. द्वितीयपुरुषही नाही, कारण माणूस समोर आला की त्याचा 'शेठ' होतो, 'दादा' होतो, फारच जवळ आला तर 'भाऊ' होतो. क्रियापद मात्र ठरलेलं आहे: भूखंड धनदांडग्यांच्या घशात घालतात. खिशात घातल्याचं कुठे वाचलंय?

'दांडगा' या भागाला बिचकू नका. दांडगा अनुभव, दांडगा जनसंपर्क हे कौतुकाचे शब्द आहेत. दांडगाई तेवढी वाईट. तेव्हा व्यासपीठावर त्यांची ओळख करून देताना 'दांडगा जनसंपर्क' म्हणावं आणि 'धन' गिळून टाकावं.

अगदीच रांगडा वाटत असेल, तर 'सम्राट' घ्या. हा आपल्याकडे सहकारात पिकतो. 1950 च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला. सहकाराचा नियम असा, की शेअर कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. एवढ्या कडक लोकशाहीतून पुढे महाराष्ट्राला 'साखरसम्राट' हा शब्द मिळाला, याचा अभिमान बाळगा. 1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना वाट मोकळी केली, मग 'शिक्षणसम्राट' आले. शिवी देऊनही समोरचा खूश राहतो, अशी सोय दुसऱ्या कुठल्या शब्दात नाही.

आता प्रात्यक्षिक. आमच्या शिवारातल्या पाणंद रस्त्यावर एका रात्रीत सिमेंटचे खांब आणि काटेरी तार आली. आम्ही चौदा जणांनी निवेदन काढलं: 'धनदांडग्यांनी रस्ता अडवून गोरगरीब शेतकऱ्यांवर अन्याय केला आहे.' मसुदा माझाच. 'गोरगरीब' लिहिताना माझी बुलेट झेरॉक्सवाल्याच्या दारातच उभी होती, पण गाडीचा इथे काय संबंध? निवेदन देतानाचा फोटो काढला, ग्रुपवर टाकला.

तहसील कचेरीतल्या कारकुनाने कागद वाचला, चष्मा वर केला. ''रस्ता अडवलाय ना? मग मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 खाली दावा करा. सामनेवाल्याचं नाव आणि गट नंबर टाका. धनदांडगे म्हणजे कोण?''

चौदा जण खिडकीबाहेरच्या चिंचेकडे बघू लागले. नाव सगळ्यांना पाठ होतं. गट नंबरही. इंग्रजांनी 1906 मध्ये कायदा करताना मराठी अनेकवचनाची काहीच सोय ठेवली नाही, हे त्या दिवशी कळलं. ''विचार करून सांगतो,'' असं म्हणून आम्ही चहाला गेलो. तुम्हीही असंच करावं.

पंधरा दिवसांनी त्याच झेरॉक्सवाल्याकडे फ्लेक्सचं काम आलं. 'दानशूर, गोरगरिबांचे कैवारी, दांडगा जनसंपर्क असलेलं व्यक्तिमत्त्व' यांचा वाढदिवस. मजकूर सांगायला मलाच बोलावलं. शुभेच्छुकांची नावं टाईप करायचीही गरज पडली नाही, निवेदनाच्या फाईलमधून चौदाच्या चौदा उचलली. फोटो कुठले लावायचे विचारलं, तर म्हणाला, ''तुमचा परवाचा ग्रुप फोटो आहे की माझ्याकडे. हातातला कागद तेवढा कापतो.''