वेळेवर मिळकतकर भरणाऱ्यांनी आधी हे वाचावे

नव्या फ्लॅटबद्दल अभिनंदन. वास्तुशांत झाली, पेढे वाटून झाले, दारावर पाटी लागली. आता थोड्याच दिवसांत पुणे महापालिकेचं मिळकतकराचं पहिलं बिल येईल. ते उघडण्याआधी दोन घोट चहा घ्या, कारण तुमच्या मनात एक घातक विचार घोळतोय हे मला इथूनच दिसतंय. बिल आलं की लगेच भरून टाकू, म्हणजे डोक्याला ताप नाही, असा तो विचार. अशाने तुमचं पुण्यात निभावणार कसं?

मुळात पहिली चूक तुम्ही करून बसलाच आहात. घर नवं घेतलंत.

मिळकतकराचं गणित सोपं आहे, फक्त त्याला थोडी कल्पनाशक्ती लागते. तुमचं घर भाड्याने दिलं असतं तर वर्षाला किती भाडं आलं असतं, हे महापालिका तुमच्या वतीने ठरवते. त्या न आलेल्या भाड्यातून न केलेल्या दुरुस्तीपोटी १० टक्के वजा होतात. उरलं ते करपात्र मूल्य. समजा, तुमच्या भागाला महिन्याला चौरस फुटामागे २ रुपये दर लागला. ८०० फुटांचं घर, बारा महिने, झाले १९,२०० रुपये. तुम्ही स्वतःच त्यात राहता म्हणून ४० टक्के सूट, उरले ११,५२०. दुरुस्तीचे दहा टक्के गेले की १०,३६८. मग या रकमेवर टक्केवारीची माळ चढते: सर्वसाधारण कर, सफाई कर, जललाभ कर, पथकर, अग्निशमन कर, वृक्षकर, शिक्षणकर. थोडक्यात, घरमालकही तुम्हीच, भाडेकरूही तुम्हीच, भाडं काल्पनिक, कर तेवढा खरा.

आता यातली मेख अशी की चौरस फुटाचा दर ठरतो इमारतीची पहिली आकारणी ज्या वर्षी झाली त्या वर्षाप्रमाणे. त्यामुळे एकाच गल्लीत, एकाच खड्ड्यातून स्कूटर काढणारे दोन शेजारी वेगवेगळा कर भरतात, आणि ज्याची इमारत नवी त्याला जास्त. खरं शहाणपण हवं होतं ते पेठेतल्या वाड्यात जुना भाडेकरू असणाऱ्याकडून शिकायचं. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाण भाडं, म्हणजे मालकाला कायद्याने जास्तीत जास्त घेता येईल ते भाडं, बांधून टाकलं ते १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं त्यावर. त्या दिवशी दुसऱ्या महायुद्धाला बरोबर एक वर्ष झालं होतं. पुढे सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं की करपात्र मूल्य प्रमाण भाड्याच्या वर नेता येत नाही. युद्ध संपलं, जर्मनीचे दोन तुकडे झाले, ते परत जोडले गेले, पण वाड्यातल्या खोलीचा हिशेब १९४०च्या आसपासच घुटमळत राहिला. वर्षाची घरपट्टी मोटारीच्या एका दिवसाच्या पेट्रोलपेक्षा कमी. आणि तुम्ही मात्र लिफ्ट, जिम आणि क्लब हाऊस बघून भाळलात.

असो. झालं ते झालं. निदान ४० टक्के सूट तरी पदरात पाडून घ्या. ही सवलत पुणेकरांना १९७० पासून होती. मग लेखापरीक्षकांचे आक्षेप आले, २०१९ मध्ये सरकारने ती काढून घेतली, २०२३ मध्ये परत दिली. परत दिली म्हणजे काय, तर नव्या मिळकतींच्या मालकांनी पीटी-३ नावाचा अर्ज भरून सिद्ध करायचं की आपण आपल्याच घरात राहतो. सोसायटीचं ना-हरकत पत्र जोडा, मतदार ओळखपत्र जोडा, गॅसचं कार्ड जोडा. पन्नास वर्षं जे पालिकेने न विचारता मान्य केलं होतं, ते तुम्हाला पुराव्यानिशी मांडायचं आहे. घरातल्या घरात स्वतःची साक्ष काढण्याचा हा प्रसंग फार थोड्यांच्या वाट्याला येतो, म्हणून तो आनंदाने पार पाडा.

दुसरा फ्लॅट भाड्याने दिला असेल, तर मात्र प्रामाणिकपणाचा झटका येऊ देऊ नका. भाडेकरू आहे म्हणालात की सूट गेली. त्याऐवजी त्याला मावसभाऊ करा. नोंदणीकृत भाडेकराराच्या खिडकीत तो भाडेकरू, पोलीस ठाण्यातल्या नोंदीत तो भाडेकरू, आणि पालिकेचा कर तपासणारा पेठ निरीक्षक दारात आला की मावसभाऊ. सात वर्षांपूर्वी चार दिवसांसाठी आला, हवा मानवली. ज्याने खरं सांगितलं त्याचं बिल चढलं आणि ज्याचा मावसभाऊ राहतोय त्याचं तेवढंच राहिलं, यावरून काय शिकायचं ते तुम्ही हुशार आहात, शिकालच.

आकारणीच चुकीची वाटली तर? हरकत घ्या, सुनावणीला जा. तिथे समाधान झालं नाही तर कायद्याने अपिलाचा मार्ग ठेवलेला आहे, फक्त वादातला कर आधी जमा करावा लागतो. म्हणजे पैसे का देऊ नयेत हे सांगण्यासाठी आधी पैसे द्यायचे.

आता मुख्य उपदेशाकडे येतो. मुदतीत, म्हणजे सहसा मेअखेर, कर भरला तर सर्वसाधारण करात ५ टक्के सवलत मिळते. वार्षिक करपात्र मूल्य २५ हजारांच्या आत असेल तर १० टक्के. याला भुलू नका. लक्षात घ्या, सवलत सगळ्या बिलावर नाही, त्यातल्या एका ओळीवर आहे. त्यासाठी ३१ मेला उन्हातान्हात रांगेत उभं राहणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांची मला नेहमी दया येते. त्यांनी न भरणाऱ्यांचा हिशेब एकदाही मांडून पाहिलेला नसतो. मुदत टळली की महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते, वर्षाला २४ टक्के. ऐकूनच छाती दडपते ना? दडपू देऊ नका. मधूनमधून अभय योजना येते आणि शास्तीत ७५ टक्के, कधी ८० टक्के माफी मिळते. २४ टक्क्यांतले तीन हिस्से गेले, उरले ६. आता मला सांगा, वर्षाला ६ टक्क्यांनी, तारण नाही, जामीन नाही, हप्ता नाही, असं कर्ज कोणती बँक देते? तुमचं गृहकर्ज याहून महाग आहे. तुम्ही मे महिन्यात पैसे भरता तेव्हा तुम्ही हे स्वस्त कर्ज दुसऱ्याला मिळावं म्हणून भांडवल पुरवत असता. समाजसेवाच ती, फक्त त्याची पावती वेगळ्या नावाने फाटते.

नाही म्हणायला एक अडचण आहे. थकबाकी वाढली की महापालिका दारात बँड पाठवते. हो, खराखुरा बँड, ताशासकट. पण यातही घाबरण्यासारखं काय आहे? लग्नात बँडवाल्यांशी घासाघीस करावी लागते, गणपतीत वर्गणी काढावी लागते. इथे सगळं फुकट. त्यांची बिदागी कुठून येते हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल, तर उत्तर वरच्या परिच्छेदातल्या उन्हात उभ्या राहिलेल्या ज्येष्ठांकडे आहे.

कुणी म्हणेल, अहो, पण शहर चालतं याच पैशावर. खरंच आहे. पूर्वी जकात होती, नाक्यावर ट्रक थांबायचे आणि पालिकेचा गल्ला भरायचा. २०१३ मध्ये ती जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटी गेला, २०१७ पासून जीएसटीच्या बदल्यात सरकारकडून अनुदान येतं. पालिकेच्या स्वतःच्या हातात राहिलं ते मुख्यतः दोनच ठिकाणांहून: बांधकाम परवानगीचं शुल्क आणि मिळकतकर. म्हणजे एक तर नव्या इमारती उठत राहिल्या पाहिजेत, नाही तर उठलेल्यांनी कर भरला पाहिजे. नव्या इमारतींना पाणी लागतं ही गोष्ट या हिशेबात कुठे बसत नाही. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत आली, तिथल्या लोकांना विचारा आधी नळ आला की बिल. जललाभ कर हा शब्द तिथे टँकरच्या शिडीवर चढून वाचायचा असतो.

कचरा उचलणाऱ्या ताईंना दरमहा वेगळे पैसे, टँकरला वेगळे, रखवालदाराला वेगळे. मग सफाई कर, अग्निशमन कर, वृक्षकर यांचं काय, असं विचारून अरसिकपणा दाखवू नका. संपूर्ण शहर एका जागी, नीटनेटकं, ओळीने मांडलेलं पाहायचं असेल तर बिलाइतकी चांगली जागा दुसरी नाही. त्यातला राज्याचा शिक्षण उपकर तर पालिका नुसता गोळा करून सरकारकडे पोचवते. बोलणी मात्र तिचीच ती खाते.

हे सगळं नको असेल तर मुंबईला जा. तिथे १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे. फक्त तिथे ५०० फुटांचं घर घ्यायला लागणारे पैसे तुमच्याकडे असतील, तर पुण्याच्या मिळकतकराची काळजी तुम्हाला करायचं कारण नव्हतं.

मला ठाऊक आहे, एवढं सांगूनही तुम्ही भरणारच. रांगेत नाही तर मोबाईलवर, ३१ मेच्या रात्री साडेअकराला, सर्व्हर चौथ्यांदा बंद पडल्यावर पाचव्यांदा प्रयत्न करून. ठीक आहे. पावती छापून फायलीत लावा. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये गल्लीत ताशा वाजू लागला, तर कुणाकडे वरात आली म्हणून डोकावून बघा. बहुतेक समोरच्यांकडे असेल. खिडकी पूर्ण उघडा, खुर्ची ओढून घ्या. पैसे तुमचे आहेत, ऐकून घ्या.