रोजचे शंभर रुपये

मंडळी, आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. ज्यांना वेळ नाही त्यांनी लाईक करून पुढं जावं, राग नाही.

संध्याकाळी बजेटवरच्या एका व्याख्यानाला गेलो होतो. पाहुणे म्हणजे एक लोकप्रतिनिधी. नाव लिहीत नाही, कारण माणूस वाईट नाही आणि कार्यक्रम ठेवणारे आपलेच लोक आहेत. भाषण मराठीत केलं, निम्म्या टाळ्या तिथंच मिळाल्या. मग पाऊण तास देशाचं बजेट आणि कंपनी कायद्यातल्या सुधारणा. 1956 चा कायदा म्हणे इंग्रजांचं जोखड होता, 2013 ला नवा आला, मग त्यातली फौजदारी कलमंही काढली, आता छोट्या कारखानदाराच्या केसालाही धक्का लागत नाही. एवढं बोलून ते पाणी प्यायले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बाबांची बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली शेड बघितलीय. दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल आणि दारातला तो कडुनिंब. आधी काकांबरोबर भागीदारी होती. 2014 ला एका बड्या गिऱ्हाइकानं सांगितलं की व्हेंडर कोड, म्हणजे पुरवठादार म्हणून नोंद, हवा असेल तर प्रायव्हेट लिमिटेड करा. केली. डायरेक्टर दोन लागतात, म्हणून बाबा आणि आई. आई शेडमध्ये वर्षातून एकदा यायची, खंडेनवमीला, हळदकुंकवाचं ताट घेऊन. ती डायरेक्टर.

ऑगस्ट 2022 मध्ये बाबा गेले. सकाळी लेथवर सेटिंग लावलं, दुपारी जेवायला घरी आले, चार वाजता नव्हते. लेथच्या पकडीत जॉब (घडवायचा भाग) तसाच होता. तो मी आठ दिवसांनी काढला.

पुढचं वर्षभर हाती होते ते जॉब उरकले आणि देणी भागवली. कंपनीचे फॉर्म भरायचे असतात हे घरात कोणाच्या डोक्यातही आलं नाही. जानेवारी 2024 मध्ये सीएंच्या ऑफिसातल्या पोरानं स्क्रीन माझ्याकडं फिरवला. ताळेबंदाचा एक फॉर्म, वार्षिक विवरणाचा एक. उशीर झाला की प्रत्येकाला दिवसाला शंभर रुपये. वर मर्यादा नाही. 2018 पासून हाच नियम. पहिल्या वर्षाच्या एका फॉर्मचेच साडेचारशेच्या वर दिवस झाले होते. दोन वर्षांचे चार फॉर्म मिळून आकडा लाखाच्या पुढं. ज्या कंपनीनं त्या काळात धड एक लाख नफा कमावला नाही, तिला.

'मग बंदच करूया की कंपनी,' मी म्हटलं. तो म्हणाला, 'बंद करायला आधी सगळे फॉर्म भरून पाहिजेत सर. आणि बंद करायच्या अर्जाची फी दहा हजार.'

आता भाषणाकडं येतो. फौजदारी काढली हे खरं आहे. 2019 आणि 2020 च्या दुरुस्त्यांनी बरीच कलमं दंडावर आणली, छोट्या कंपनीला दंड निम्मा केला, छोटी कंपनी कशाला म्हणायचं ती मर्यादाही वाढवत नेली. चांगलं केलं, मान्य. पण हे रोजचे शंभर रुपये कायद्यानं दंड नाहीतच! ती 'जादा फी' आहे. म्हणून निम्मं बिम्मं काही नाही. तुरुंगाची भीती कोणाला होती हो? उद्यमबागेत कंपनी कायद्याखाली आत गेलेला एक माणूस मला दाखवा. आमची भीती या मीटरची होती. तो तसाच पळतोय.

हेच मी उठून विचारलं. साहेबांनी आयोजकांकडं बघितलं, हसले आणि म्हणाले, 'हा टेक्निकल मुद्दा आहे, तुमच्या सीएंना विचारा.' सभागृह हसलं. माझ्या शेजारी बसलेला माझाच मित्र हसला. (तू हे वाचतोयस, मला माहीत आहे.)

आणि ते जोखड! अहो, तो कायदा इंग्रज गेल्यावर आपल्या संसदेनं केला. लोकसभेत तो कोणी पुढं रेटला? चिंतामणराव देशमुखांनी. महाडजवळच्या नाते गावचा माणूस, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर, देशाचा अर्थमंत्री. मॅनेजिंग एजन्सीच्या, म्हणजे कंपनी कराराने चालवायला घेण्याच्या, नावाखाली चार घराणी शेअरहोल्डरांच्या पैशावर राज्य करत होती, त्यांना वेसण घालायला 658 कलमांचा कायदा केला. एप्रिल 1956 ला तो लागू झाला आणि त्याच वर्षी देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडलं. नोव्हेंबरच्या एक तारखेला आपलं काय झालं ते बेळगावात बसून मी तुम्हाला सांगायला नको. राजीनामा मुंबईसाठी होता, बेळगावसाठी नव्हता, हेही ठाऊक आहे. तरी मराठीत भाषण ठोकून टाळ्या घेणाऱ्यानं एवढं वाचून यावं. त्या माणसाला कायदाही कळत होता आणि खुर्ची कधी सोडायची तेही.

जाऊ दे. चहा घेऊन आलो. जरा थंड झालोय.

बजेटबद्दल बोलतो. आत्ता अर्थ आणि कंपनी व्यवहार ही दोन्ही खाती निर्मला सीतारामन यांच्याकडं आहेत आणि त्या राज्यसभेवर आपल्याच कर्नाटकातून गेल्यात. म्हणजे आमचं दार एकच आहे, ठोठवायला सोपं. सप्टेंबर 2019 मध्ये कंपन्यांचा कर 22 टक्क्यांवर आला, नव्या कारखान्याला 15. आणि भागीदारीतल्या शेडला? 30. अजूनही 30. काकांनी आमच्यातून वेगळं होऊन मुलाबरोबर भागीदारी केली, त्यांना 30 आणि शेकडो कोटींच्या कंपनीला 22. भागीदारांचा पगार वजा मिळतो, वाद घालू नका, तो हिशेब करूनच बोलतोय.

मग तुम्ही म्हणाल, कंपनी करा. केली होती की बाबांनी!

45 दिवसांचा नियमही साहेबांनी सांगितला. 2023 च्या बजेटात आणला: लहान उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही तर मोठ्याला तो खर्च त्या वर्षी करातून वजा मिळत नाही. नियम झकास. मी तर पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. एप्रिल 2024 मध्ये तो लागू झाला आणि महिन्याभरात एका गिऱ्हाइकाच्या परचेसवाल्याचा फोन, 'तुमचा उद्यम नंबर रद्द करून घ्या, नाहीतर पुढची ऑर्डर अवघड आहे.' (उद्यम नंबर म्हणजे लहान उद्योग असल्याची सरकारी नोंदणी.) रद्द केला नाही. पुढची ऑर्डर आली नाही. हे कुठल्या आमदाराच्या, खासदाराच्या भाषणात येणार?

बरं, बनावट कंपन्या होत्या का? होत्या. 2017 मध्ये दोन लाखांहून जास्त कंपन्या रजिस्टरवरून काढल्या, त्यात चोर भरपूर असतील. चोराला पकडा. पण मयताच्या घराला आणि चोराला एकच मीटर? 2020 मध्ये जादा फी माफ करायची योजना आली होती, खोटं कशाला बोलू. तेव्हा बाबा होते, आमचं सगळं वेळेत होतं.

आणि आईचं राहिलंच. कंपनी बंद करायची तरी तिला दोन डायरेक्टर पाहिजेत, म्हणून मला आधी डायरेक्टर व्हावं लागलं. बंद करण्यासाठी! आईची डायरेक्टरची केवायसी चुकली होती, तिचे पाच हजार वेगळे. ओटीपी मोबाईलवर आला, दुसरा ई-मेलवर जाणार होता आणि तो ई-मेल निघाला सीएंकडून नोकरी सोडून पुण्याला गेलेल्या पोराचा. आई मोबाईल हातात धरून बसलेली. 'काय गा म्हणतंय ते? सहा आकडे आल्यात. सांगू काय?' साहेबांनी फौजदारीची कलमं मोजली तेव्हा मला आई दिसत होती, चष्मा कपाळावर, एकेक आकडा मोठ्यानं वाचणारी. इंग्रजीत लिहिलेलं तिला कळत नव्हतं. (मराठी कागदाचं आपलं भांडण वेगळं, ते आज नको.)

पैसे भरले. सोनं मोडलं नाही, ड्रिल मशीन विकलं. शेवटी बंदचा अर्ज गेला मानेसरला. 2022 च्या बजेटात कंपन्या लवकर बंद करणारं केंद्र जाहीर केलं होतं, ते तिकडं हरियाणात आहे. काम खरंच लवकर झालं, त्याबद्दल तक्रार नाही. नोटीस आली तेव्हा आईला वाचून दाखवली. तिनं विचारलं, 'म्हणजे यांचं नाव गेलं काय तिथनं?' मी म्हटलं, होय. ती उठून आत गेली, कुकर लावायला.

शेड आता माझ्या एकट्याच्या नावावर आहे. जुनी पाटी काढलेली नाही.

साहेब, कोणी तुम्हाला ही पोस्ट पाठवली तर एक दिवस उद्यमबागेत या. चहा देतो. शेजारी हसलेल्या मित्रानंही यावं, त्याला अर्धा कप. उद्या मात्र नको, लाईट दहाला जाणार असा मेसेज आलाय आणि त्याआधी चाळीस फ्लँज उतरवायच्यात.