चिंचेच्या पाण्यात खिळा बुडवून बघा

‘सापडलेली नाणी घासू नका’ या माझ्या लेखावर निफाडच्या एका बागायतदार काकांनी लिहिलंय: आमची आजी पन्नास वर्षं देवाची तांब्याची भांडी चिंच-मिठाने घासायची, एकही झिजलं नाही. बागेत चर खणताना मिळालेली शिवराई (शिवाजी महाराजांच्या नावाचं जुनं तांब्याचं नाणं) हिरवीच ठेवून काय पुजायची? हे सगळं भाव वाढवायचं खूळ.

काका, भावाचं काही अंशी खरं आहे. घासलेल्या नाण्याला गिऱ्हाईक नाक मुरडतं. पण आजींच्या तांब्यावर असते ती चार दिवसांची काळपट झाक. मातीत दीड-दोनशे वर्षं पडलेल्या शिवराईचं वरचं तांबंच त्या हिरव्या-तपकिरी थरात बदललेलं असतं, आणि अक्षरांचा उंचवटा बऱ्याचदा त्या थरातच उरलेला असतो. चिंच नेमकी तोच खाते.

तुम्ही फवारणीसाठी मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण करता, म्हणजे विळ्याची परीक्षा तुम्हाला मी सांगायला नको. द्रावण आंबट राहिलं असेल तर पात्यावर तांबं चढतं. घासलेल्या नाण्याचं चिंच-मिठाचं पाणी फेकू नका, त्यात स्वच्छ लोखंडी खिळा तासभर ठेवा. त्यावर जो लालसर मुलामा येईल, ते तुमच्या शिवराईचं तांबं.

शिवाय शिवराई पाडायचा ठसा बहुधा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असायचा. ‘श्री राजा शिव’मधली एक-दोन अक्षरं मुळात उमटलेलीच नसतात. ती घासून कुठून येणार?

आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीचंच बघा. १९०६ साली तिथे क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी निघाली. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारलेला होता. कोणी कोणाला हरवलं, हे त्या नव्या ठशाखाली पुसट राहिलेल्या जुन्या चेहऱ्यावरून कळलं. ती नाणी कोणी पितांबरीने लखलखीत केली असती तर?

मात्र मी लेखात ‘कधीच हात लावू नका’ असं लिहिलं, ते चुकलं. फिकट पोपटी, पिठासारखी भुकटी सुटत असेल तर तो रोग आहे. मातीतलं क्लोराइड तांब्यात शिरलेलं असतं आणि दमट हवेत ते आतून खात सुटतं. नाशिकच्या पावसाळ्यात असं नाणं उघडं ठेवून चालत नाही. पूर्ण कोरडं करून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डबीत ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

नुसती माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवायचं, पाणी रोज बदलायचं, मऊ झालेली माती बांबूच्या काडीने हळूच काढायची. आठवडे लागतात. सातवाहनांचं शिशाचं नाणं असेल तर हेही नको, शिशाला डिस्टिल्ड वॉटरसुद्धा बाधतं. चिंच-लिंबाचं तर नावच काढू नका.

आणि काका, चरात एकच निघाली की आणखी? १८७८ च्या निखात निधी (म्हणजे जमिनीत पुरलेल्या ठेव्याच्या) कायद्यात दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो, आणि दहा रुपये आज एक शिवराईसुद्धा ओलांडते. मडकं लागलं असेल तर खापरासकट, मातीसकट, न धुता द्या.